पान सात, खाली

काल आम्ही जिंकलो, दोन-एक.
आज पेपरात वाच बे:
'रेल्वे लाइन्सचा झुंजार पराभव'.
पराभव झुंजार असतो,
विजय नुसता होतो.

पान सात. खाली.
वर बोअरवेलची जाहिरात,
शेजारी हरवलेल्या पासबुकाची नोटीस,
मधे आम्ही, चार ओळींत.
त्यातही जुबेर बागवानचं
छापलंय जुबेर भगवान.
नव्वद मिनिटं पळालेलं पोरगं
सकाळी केळीच्या गाड्यावर उभं राहून
स्वतःचं नाव शोधत होतं.
सापडलं तेव्हा हसलं.
म्हणालं, बढतीच की बे.

त्यांचं पोरगं पडलं तर दुखापत,
आमचं पडलं की वेळकाढूपणा.
त्यांचे प्रेक्षक जाणकार.
आमचे हुल्लडबाज, म्हणे.
हुल्लडबाज कोण?
मी, रिटायर झालेले नरसय्या मास्तर,
आणि विड्यांचं सूप खाली ठेवून
थेट मैदानावर आलेल्या पोशव्वा येमुल,
ज्यांना ऑफसाइड रेफरीच्या आधी दिसतो.

मी बारा तास मागापुढं उभा.
टॉवेलच्या काठावर लॉजचं नाव विणताना
एक अक्षर चुकलं
तर शेठ अख्खा गठ्ठा परत टाकतो.
पेपर कुणाला परत टाकायचा?

खरं सांगू? पहिल्या गोलाआधी
चेंडू आमच्या इरण्णाच्या दंडाला लागला होता.
मी बघितलं. गोलपोस्टच्या मागंच होतो.
चहाच्या टपरीवर मॅच सांगताना
तो दंड मी तीनदा गाळला.
पण मी काय पेपर नाही.
मला कुणी पाच रुपये देऊन
विकत घेत नाही.

फोटो मात्र आलाय. रंगीत.
त्यांचा गोलकीपर हवेत आडवा,
खाली लिहिलंय 'शर्थीचा प्रयत्न'.
चेंडू फोटोत नाही.
जाळ्यात गेलता बे, कुठं असणार?
पण डाव्या कोपऱ्यात नीट बघ,
कापता कापता राहून गेलेली एक टाच.
निळा मोजा, बुटाला पांढरे टाके.
आमच्याच मागाचं सूत ते.
शुक्रवारी रात्री मीच शिवून दिलेलं.

फोटो कापून घेतला,
जॉबरच्या कपाटावर खळीनं चिकटवला.
गोलकीपर दुमडून मागं घातलाय.
टाच तेवढी बाहेर.