अर्धा सूर खाली

मिलेनानं काउंटरवर तीन पंप मांडले,
बाजारात मुळे मांडावेत तसे.
तासाला एकशे नव्वद लिटर, दोनशे पंचावन्न, चारशे.
"नायट्रस किती?"
शंभर घोड्यांचा.
"कितीदा?"
शुक्रवारी रात्री. पाव मैल, बारा सेकंद.
"आणि उरलेला आठवडा?"

उरलेला आठवडा एल्सवर्थ प्रूइटचा.
त्याला दिसत नाही. तो पियानो लावतो.
मी मस्टँग चालवतो, तो पत्ते पाठ सांगतो:
लुथरन चर्च, शाळेचं सभागृह,
काचमारेकबाई, ज्यांचा पियानो कुणीच वाजवत नाही
तरी दर सहा महिन्यांनी लावून घेतात.
मागच्या सीटवर त्याच्या हत्यारांची कातडी पिशवी,
डिकीत निळी बाटली,
जिच्याबद्दल आमचं बोलणं होत नाही.

"चारशेचा घे," शेजारचा गिऱ्हाईक म्हणाला,
"कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं."
मिलेनानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"तुझी गाडी लाल दिव्याशी उभी असेल
आणि हा पेट्रोल घुसळत बसेल,
टाकीतून इंजिनाकडे, तिथून परत टाकीत,
तापवून तापवून."
मग कमी पडलं तर?
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला पिस्टन तिनं उचलला.
डोक्याला भोक, कड मेणासारखी ओघळलेली.
"नायट्रस भुकेला असतो.
पेट्रोल नाही मिळालं तर अ‍ॅल्युमिनियम खातो."

उद्या सांगतो, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी यंग्सटाउनमध्ये उणे नऊ.
हीटर, वायपर, दोन्ही दिवे, मागच्या काचेच्या गरम तारा,
सगळं चालू, आणि समोर चढ.
एल्सवर्थनं मान तिरकी केली.
"मागे कोण गातंय?"
पंप आहे. टाकीतला. जुना.
"दिवे घालव."
घालवले.
"लाव."
लावले.
"उतरला. जवळजवळ अर्धा सूर."
मग बराच वेळ गप्प.
पुलापाशी म्हणाला,
"गाणाऱ्याचा दोष नाही रे. त्याला श्वास पुरत नाहीये."

रात्री मीटर लावला.
बॅटरीशी तेरा पूर्णांक आठ, टाकीशी अकरा पूर्णांक एक.
वाटेत कारखान्यानं घातलेली तार,
गोधडीच्या दोऱ्याहून थोडी जाड,
रस्त्यावरच्या मिठानं हिरवी पडलेली.
चारशेचा पंप आणला असता
तर त्यालाही याच दोऱ्यानं पाजलं असतं मी,
आणि शुक्रवारी नवव्या सेकंदाला
तो पिस्टन माझा झाला असता.

दोनशे पंचावन्नचा घेतला.
सोबत करंगळीएवढी तांबडी तार, एक रिले,
आणि दाब पडला की नायट्रस तोडणारा स्विच.
"हा मी सगळ्यांना सांगते," मिलेना म्हणाली,
"या महिन्यात घेणारा तू पहिला."
मी दाराशी पोचलो तेव्हा ओरडली,
"टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नकोस!
तो पेट्रोलात बुडूनच थंड राहतो."

टाकी उतरवायला अख्खा रविवार.
हातांचा वास बुधवारपर्यंत गेला नाही;
काचमारेकबाईंनी खिडकी उघडली, कारण विचारलं नाही.

आता किल्ली अर्धी फिरवली
की इंजिनाआधी दोन सेकंद तो गुणगुणतो,
बोलण्याआधी कुणी घसा साफ करावा तसा.
मग इंजिन. मग एल्सवर्थचं बोट वर.
"दिवे."
लावले.
"हीटर. वायपर."
सूर जागचा हलला नाही.
त्यानं पट्टा बांधला, पिशवी पायाशी ओढली.
"छान. निघू या.
आणि ती तुझी बाटली,
तिच्या पट्टीचा डावा नट ढिला आहे.
नोव्हेंबरपासून."