लाल दोरी

दीड महिन्यात तिसरं बोलावणं.
चेंबूर, अकरावा रस्ता, हट्टंगडींचा बंगला,
त्याच्या पोटात गॅरेज, गॅरेजला मोटरचं दार.
मुलानं मस्कतहून पैसे धाडले होते दारासाठी.
"बटण दाबलं की नुसतं घरघरतं," साहेब म्हणतात,
"जागचं हलत नाही. त्यापेक्षा माझे गुडघे बरे,
कुरकुरतात, पण चालतात."

मी आपला शिरस्त्यानं जातो.
आधी वीज. मग रिमोटचा सेल.
मग जमिनीलगतचे दोन डोळे,
एक उजेड पाठवणारा, दुसरा त्याची वाट बघणारा;
मध्ये मांजर जरी आलं तरी दार उतरता उतरता थबकतं.
मागच्या खेपेला त्या दुसऱ्यावर कोळ्याचं जाळं सापडलं.
तेच दुखणं समजून फडक्यानं पुसलं
आणि साडेतीनशे घेतले. अजून लाज वाटते.

आज दोन्ही डोळे लख्ख.
मोटर फिरते, साखळी फिरते,
वरच्या रुळावरचा घोडा जातो आणि येतो
रिकाम्या पाठीनं,
आणि दार तिथंच, ओळख नसल्यासारखं.
गौस शिडीवरून ओरडतो, "उस्ताद, लाल दोरी ओढलीय कुणीतरी!"

लाल दोरी अडीअडचणीसाठी असते.
वीज गेली, कुणी अडकलं, तर खेचायची,
मोटर सुटते, दार हातानं उचलता येतं,
आवाज न करता.
हट्टंगडी म्हणतात, "आमच्याकडे कोण ओढणार? आम्ही दोघंच."

दोघंच.
मी खाली वाकतो. दाराच्या रबराला एक खाच,
कोपऱ्यात अर्धी वीट, खाचेच्या मापाची.
म्हणजे वीतभर उघडं ठेवून कुणी बसतं इथं,
वाऱ्यापुरतं.
आत जुनी मारुती, साहेबांचा मोतीबिंदू झाल्यापासून उभी.
टपावर धूळ, काचेवर धूळ,
आरशाला लटकवलेल्या गणपतीच्या सोंडेवरसुद्धा धूळ.
पण तिन्ही पेडल पुसल्यासारखी,
गिअरचा गोळा हाताळलेल्या सुपारीसारखा चकचकीत,
आणि चालवणाऱ्याची सीट अगदी पुढे ओढलेली.
साहेब सहा फूट उंच आहेत.

स्वयंपाकघराच्या दारातून वृंदाबाई चहा आणतात.
ट्रे माझ्यापुढे, नजर दोरीवर,
मग माझ्यावर, मग ट्रेवर.
बशीत थोडा चहा सांडतो.

"काय झालं होतं रे?" साहेब विचारतात.
"क्लिप," मी म्हणतो. "ढिली होते कधीकधी. हवामानानं."
असली कुठलीही क्लिप त्या दारात नाही.

मग उगाच मोठ्या आवाजात गौसला शिकवायला लागतो.
"नीट बघ. खाली ओढली की मोटर सुटते.
काम झालं की दार पूर्ण खाली आणायचं,
दोरी मोटरच्या बाजूला तिरकी खेचायची, सोडायची.
सकाळी कुणीही बटण दाबलं की घोडा येतो,
खट् करून स्वतःच जोडला जातो.
कुणाला बोलवायला लागत नाही."
गौस माझ्याकडे बघतो. चार वर्षं हेच करतोय पोरगा.
"समजलं?" मी दरडावतो.
"समजलं," तो म्हणतो, आणि त्याच वेळी
ट्रेवरचा चमचा उगाच सरळ केला जातो.

निघताना स्प्रिंगला तेल दिलं, चाकांना ग्रीस,
दोरीला गाठ मारून आणखी चार बोटं खाली सोडली.
बिलात लिहिलं नाही.

गोवंडीच्या सिग्नलला गौस मागून कानाशी म्हणाला,
"उस्ताद, त्या गाडीला बॅटरीच नाहीये."
"माहीत आहे."
"मग म्हातारी जाते कुठं?"
सिग्नल सुटला. मागचा टेम्पो बोंबलायला लागला.

चौथं बोलावणं आलेलं नाही.
गिऱ्हाईक गेलं म्हणायचं.