बोंडूचा वास

वाळपईच्या पुढे रस्ता अरुंद होतो
आणि टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या भेंड्या थांबतात.
निवृत्त शिक्षक संघ, सावंतवाडी. सतरा जण,
त्यातले अकरा "आम्ही फक्त बघणार" म्हणणारे.
माणशी सातशे,
माहिती, चव आणि जेवण धरून.

पुतू माजिकची भाटी ओढ्याकाठी,
धुरानं काळी, मातीनं लिंपलेली.
तांब्याचं भाण चुलीवर,
त्याच्या गळ्यातून नळी निघते,
गार पाण्यात बसवलेल्या मडक्यात उतरते.
तिथं वाफ थंड होते.
एकतीस वर्षं मी हेच फळ्यावर काढलं:
चंबू, बर्नर, संघनक,
पाणी खालून आत, वरून बाहेर. आकृतीला दोन गुण,
नावांना दोन.
विचारलं, तापमान किती ठेवता?
"आवाजान कळटा, बाय."
मी कान लावला.
मला फक्त जाळ ऐकू आला.

मग काचेचे छोटे पेले.
उर्राक, त्यात लिंबू, मीठ, चिरलेली मिरची.
धारगळकरसर, ज्यांनी प्रार्थनेनंतर
बावीस वर्षं व्यसनमुक्तीची शपथ दिली,
त्यांनी पहिला पेला सरबत म्हणून घेतला.
दुसऱ्याला काही म्हटलं नाही.
अळवणीसर सोमरसावर बोलू लागले
आणि बोलता बोलता कठड्यावर बसले.
मी अर्धा चमचा.
आधी स्पिरिटचा दिवा,
मग बऱ्याच उशिरानं, फळ.

पलीकडे कातळात खोदलेली कोलंबी.
पुतूचा मुलगा बोंडू तुडवत होता,
बिया काढलेले, लाल, पिवळे, काही फुटून मऊ झालेले.
वारा फिरला.

तो वास मला माहीत होता.

तेव्हा मी दोडामार्गच्या शाळेत होते.
आठवी ब. लाडू गवस. शेवटचा बाक.
वार्षिक परीक्षा, विज्ञानाचा पेपर,
उत्तरपत्रिकेवर सही करायला वाकले आणि तशीच थांबले.
"पिऊन आलास?"
त्यानं आपल्या पायांकडे बघितलं.
मी समजले, लाजला.
बाहेर उभा केला, उन्हात,
हातात पेन तसंच.
जूनमध्ये तो आला नाही.
मी लाल शाईनं खाडे भरत गेले,
मग नाव कापलं,
नीट, पट्टी धरून.

चपला काढल्या. निऱ्या वर खोचल्या.
"बाय, निसरडें आसा!"
मुलानं हात दिला. घोट्यापर्यंत पाय गेले.
कोमट होतं. बोटांच्या मधून वर येत होतं.
मुळीकबाई मोबाइलवर फोटो काढत होत्या,
म्हणत होत्या, अहो बाई, जरा हसा की.
"हा वास किती दिवस राहतो?"
"साबणान वचना," पोरगा म्हणाला. "एप्रिलभर."
त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

जेवण मांडवात. उकडा भात, खतखतं,
सुक्या सुंगटांची किसमूर, गावठी कोंबड्याचं शाकुती.
शाकाहारी पंगत वेगळी घातली होती,
ती ताकाआधीच मोडली.
वालावलकरबाईंनी ओल्या काजूची उसळ तीनदा मागितली,
रेसिपी दोनदा.
मी पाय बाकाखाली दुमडून जेवले.
पुतूनं विचारलं, जेवण रुचलं ना?
मला त्याला गवसांच्या लाडूबद्दल विचारायचं होतं,
पण डोंगराच्या त्या बाजूला
गवस म्हणजे अर्धा गाव.

संध्याकाळी हद्दीवरच्या नाक्याला
पोलीस आत चढला, तिशीचा असेल,
दोन्ही बाजूंना हुंगत पुढे आला
आणि माझ्या सीटपाशी थांबला.
"आजी, बरीच झाली का हो?"
सगळा टेम्पो हसला. अळवणीसर झोपेतून उठून हसले.
मी माझ्या पायांकडे बघितलं.
तो समजला, लाजली म्हातारी,
आणि खाली उतरला.

धारगळकरसरांच्या दोन बाटल्या
टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या.
त्यांना कसलाच वास नव्हता.