नावापुढचा ए

सर्टिफिकेटवर माझ्या नावापुढे तीन अक्षरं,
मग आडवी रेघ,
मग ए.
ए म्हणजे अप्रेंटिस.
गोविंदनगरला, तिसऱ्या मजल्यावर,
एचआरच्या बाईंनी नेमकं त्यावरच पेन टेकवलं:
"यामिनी जगन्नाथ आहेर. अनुभव?"
एकशे अठ्ठावीस चार्ट केलेत, मी म्हणाले,
खैरनार सरांच्या क्लासमध्ये.
"ते सरावाचे. खरे किती?"

परीक्षेची फी डॉलरमध्ये होती.
आईने भिशीचा नंबर दोन महिने आधी मागून घेतला,
दोनदा मोजला, आणि म्हणाली,
हा डॉलर रोज भाव बदलतो,
त्यापेक्षा आपला भाजीवाला बरा.

कोडचं पुस्तक कॅनडा कॉर्नरवरून, जुनं,
कुणा मुलीच्या पिवळ्या हायलायटरसकट.
तिने मधुमेहापर्यंत रंगवलंय,
पुढे सगळं कोरं.
तिला नोकरी लागली,
की नुसताच हायलायटर संपला?
दर ऑक्टोबरला कोड बदलतात.
एक तारखेला हे पुस्तक शिळं होईल,
थोडीशी मीही.

मला गाय चावल्याचा कोड येतो.
गायीने धडक दिली तर वेगळा.
तिकडे अमेरिकेत गायी चावतात का,
हे आईला अजून पटवता आलेलं नाही.
बेकारीलाही कोड आहे,
झेड छप्पन्न पॉइंट शून्य: तपशील नमूद नाही.
सर म्हणायचे, तपशील नसलेला कोड लावू नका, क्लेम परत येतो.
माझे अर्ज परतसुद्धा येत नाहीत.
आले असते तर सोबत
नाकारल्याच्या कारणाचा एखादा कोड तरी आला असता.
तो मी वाचला असता.
तेवढंच तर शिकलेय.

पपा सातपूरला अप्रेंटिस होते, आयटीआयनंतर.
डाव्या अनामिकेचं शेवटचं पेर
तिथल्या प्रेसखाली राहिलं.
एका रात्री, त्यांना न सांगता, मी ते कोड केलं:
कुठला हात, कुठलं बोट, धातूकामाचं यंत्र.
सातव्या जागेवर एक अक्षर लागतं.
ए, उपचार अजून चालू असताना.
डी, जखम भरत असताना.
एस, सगळं होऊन गेल्यावर जे उरतं त्याला.
मी एस टाकला.
पपा पाणी प्यायला उठले होते, मागे उभे राहिले.
"हे काय?"
तुमचं बोट.
त्यांनी ते स्क्रीनजवळ नेलं,
जुळतंय का बघितल्यासारखं.
"आमच्या वेळी," ते म्हणाले, "अप्रेंटिसला स्टायपेंड तरी होता."

सोमवारपासून द्वारकेजवळच्या हॉस्पिटलात जाते,
कॅशलेसच्या काउंटरवर.
कोडिंग नाही. पगार सांगण्यासारखा नाही.
पण फाइली खऱ्या आहेत,
त्यांना सलाइनचा, चहाचा वास येतो,
आणि टाचण्या टोचतात.
फिरदोस पिंजारी मॅडमनी गठ्ठा सरकवला:
"डॉक्टरांचं अक्षर लागतं का तुला?"
लागलं.
गुडघा, एवढंच लिहिलं होतं.
उजवा की डावा, कुठेच नाही.
"सोड गं," मॅडम म्हणाल्या, "असंच जातं."
मी पेन्सिलने गोल केला
आणि चार जिने चढून वर गेले, लिफ्ट बंद होती.

डॉक्टर डबा खात होते.
"डावा," तोंडात घास तसाच.
"कुणाला हवंय?"
मला, मी म्हटलं.