पोस्टकार्डं वाचणारी बाई

आधी कबूल करते:
एकतीस वर्षं प्तुय गावात मी टपाल वाटलं
आणि पोस्टकार्डं मी वाचायचे.
सगळी नाही. चढावर तर मुळीच नाही.
पण द्रावा नदीच्या काठचा सपाट रस्ता लागला
की एका हातात सायकलचं हँडल, दुसऱ्यात
कुणाची सुट्टी, कुणाचं बाळंतपण,
"पैसे मिळाले, आईला सांगू नकोस."
आईला मी कधी सांगितलं नाही.
कार्ड द्यायचे, दारावरच्या कांद्याच्या माळेकडे बघत
म्हणायचे, यंदा रंग छान धरलाय.

म्हणजे मला तरी लवकर कळायला हवं होतं.

मार्चमध्ये तपासणीच्या कागदावरचा एक शब्द
मला लागला नाही.
रात्री कॉम्प्युटरला विचारला,
एकेक अक्षर शोधून, दार लावून घेऊन,
जसं काही घरात दुसरं कुणी होतं.
सकाळी हवामान बघायला बसले
तर पडद्याच्या कडेला केसांचे टोप.
तपकिरी, करडे, एक सोनेरी, हप्त्यानेसुद्धा.
माझ्या बहिणीला अजून ठाऊक नव्हतं.
टोपवाल्याला ठाऊक होतं.

गाठ पुढे साधी निघाली.
टोप ऑगस्टपर्यंत येत राहिले.

वरच्या मजल्यावरचा तिलेन सायकली दुरुस्त करतो,
सायकली नसल्या की कॉम्प्युटर.
नखाएवढा पेनड्राइव्ह घेऊन आला.
"हे पुसायचं, लिनक्स घालायचं."
"सगळं पुसायचं?"
"फोटो आधी काढून ठेवू."
यान्कोचे फोटो मी त्याला दोनदा काढून ठेवायला लावले.
दुसऱ्यांदा तो काही बोलला नाही.

मग पडदा काळा, त्यावर पांढऱ्या ओळी सरसरत,
नाताळच्या आठवड्यात छाटणीच्या टेबलावर
पत्रं सरसरायची तशा.
"कुणी लिहिलंय हे?"
"हजारो लोकांनी. उघडं आहे, कुणीही वाचावं."
"तू वाचलंस?"
कान लाल झाले त्याचे. "नाही."
"मग?"
"कुणीतरी वाचतं. आणि लिहिणाऱ्याला माहीत असतं
की कुणीतरी वाचेल."

माझी कॉफी उतू गेली.
एकतीस वर्षांत माझ्या पिशवीत कुणी डोकावलं नव्हतं.
कार्डं उघडी होती, बंद होते ती मी.
हे उलटं:
पत्र बंद, आणि टपालवाली
भर चौकात पिशवी उलटी धरून उभी,
म्हणते, बघा, तळाची शिवणसुद्धा बघा.

आता फार कौतुक नको.
प्रिंटर दहा दिवस रुसून बसला.
ग्राझहून मुलाचा चेहरा यायचा, आवाज नाही;
जेवलास का ते मी हातवारे करून विचारलं,
त्याला वाटलं माझे दात दुखतायत.
आणि खिशातला फोन तर तसाच चहाडखोर.
तो मी हल्ली पावाच्या डब्यात ठेवते.
"त्याने काही होत नाही," तिलेन म्हणतो.
माहीत आहे. ऐकू दे त्याला पाव शिळा होताना.

फेब्रुवारीत कुरेंत आले,
अंगावर मेंढीचं कातडं, कमरेला घंटा,
लाल जीभ गुडघ्यावर लोंबते.
मुखवट्याआड कोण, ते विचारायचं नसतं.
मला विचारावं लागत नाही. मी बूट ओळखते;
इतकी वर्षं दारादारांत खाली मान घालून उभी राहिलेय.
माझ्यासमोर येऊन थांबला, घंटा गदगदा हलवल्या.
डाव्या टाचेला झिजलेला बूट.
त्याच्या बापाचंही तसंच होतं.
नाव अगदी ओठांशी आलं.

मी त्याच्या पट्ट्याला रुमाल बांधला आणि म्हटलं,
कोण रे बाबा तू, कुठल्या गावचा?