डावी बाजू

बागमांडल्याहून पहिली फेरी पकडली,
वेश्वीला उतरलो, तिथून बाणकोट.
फोनवर बाई एवढंच म्हणाल्या होत्या,
तोंड रुपेरी आहे, काळं नाही.

काळ्या तोंडाचे माझ्याकडे चार आहेत.
रुपेरी इकडे टिकत नाही, खारा वारा अक्षरं खातो,
आधी बास, मग ट्रेबल,
शेवटी कंपनीचं नाव.

खैरुन्निसा परकार. घर खाडीच्या अंगाला.
अँप्लिफायरवर क्रोशाचा रुमाल, त्यावर काचेचा मासा.
मासा उचलला. रुमाल उचलला.
अक्षरं सगळी जागेवर.
कुवेतहून आणला, अठ्ठ्याहत्तर साली,
शरफुभाईंनी हमालाला हात लावू दिला नाही,
कंबर धरली ती तेव्हापासून.

मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.
घेणाऱ्यानं दाखवायचं नसतं.
नॉब फिरवला, म्हटलं, खरखर आहे.
झाकण चाचपलं, म्हटलं, गंज आहे.
भाव असाच उतरतो, ओहोटीसारखा, कुणी न ढकलता.

शंभराचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केला.
बल्ब भपकन पेटला, मग मंदावला. जिवंत.
उजवीकडून भरघोस आवाज आला.
डावीकडून आला तो
भिंतीपलीकडं बोलणाऱ्या माणसाचा.

"यांना डाव्या कानानं कमी यायचं," बाई म्हणाल्या,
"खुर्ची सरकवत सरकवत तिकडं गेले."
कोब्यावर पायांचे वण, चार, पुन्हा चार, पुन्हा चार,
डाव्या स्पीकरकडं निघालेले.
"मुंबईला नेलं. मशीन आणलं कानाचं. घातलं नाही.
म्हणायचे, माणसांचं येतं मला ऐकू,
गाण्याचंच येत नाही."

झाकणाला आठ स्क्रू.
आठव्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

मंडणगड, एसटी स्टँडसमोर, खातू रेडिओ सर्व्हिस.
विसूशेठ सेट बंद करताना असा ठिपका द्यायचे,
दुसऱ्या कुणी उघडला तर कळावं म्हणून.
मी तिथं सोळाव्या वर्षी लागलो.

आत कुंभारणीचं मातीचं घर, मीठ, एक वाळकी पाल,
आणि डाव्या बाजूला, जिथं जपानी ट्रान्झिस्टरची जोडी हवी,
तिथं बाजारातली कुठली तरी.
ती जळू नये म्हणून वर एक रेझिस्टर,
आवाजाच्या तोंडावर हात धरून बसलेला.
सोल्डरिंग फुगीर, करवंदाएवढी.
तशी मीच करायचो. विसूशेठ टपली मारायचे,
कथील काय तुझ्या बापाचं?

अस्सल जोडी कुणाला विकली, माहीत नाही.
मला त्यातले वीस रुपये मिळाले.
त्या विसांचं काय केलं ते आठवत नाही,
आठवलं असतं तर बरं झालं असतं,
किंवा नसतं.

"किती द्याल?"
"तुम्ही सांगा."
"अठरा हजार."
मोजून दिले.
बाई नोटा सोडून माझ्याकडं बघत राहिल्या.
"घासाघीस नाही? आत काय सापडलं, सोनं?"
"कुंभारणीचं घर," मी म्हणालो.
ते होतंच.

फेरीत तो गोधडीत गुंडाळून मांडीवर,
पाय मुंग्यांनी भरले तरी खाली ठेवला नाही.

श्रीवर्धनला दोन रात्री बसलो.
चांगली जोडी घातली. रेझिस्टर उपटला,
तो सुपारीच्या डब्यात आहे, अडकित्त्याजवळ.
आता आवाज दोन्ही स्पीकर सोडून
बरोबर मधोमध उभा राहतो,
माणसाच्या उंचीवर. खोलीत तेवढीच जागा रिकामी होती.

बाईंना फोन लावला, सांगायचं म्हणून.
"चालतो ना?"
"चालतो."
बराच वेळ खाडीचा वारा ऐकू आला.
मग त्या म्हणाल्या,
"खरं सांगू? मलाही डावीकडून कमीच यायचं.
म्हटलं, एका घरात दोन बहिरे
कशाला जाहीर करा."

मी फोन उजव्या कानावरून
डाव्यावर घेतला.