खिडकीजवळची खुर्ची

नारिनमध्ये फेब्रुवारीत नदी बोलत नाही.
बोलतो आम्ही. दर गुरुवारी, साडेपाच वाजता,
जलमापन कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
चौदा अभियंता बायका, एक समोवार,
आणि नऊ वर्षं
टेबलाच्या टोकाला मी.

ठराव माझा. अनुमोदन कुणाचंही.
इतिवृत्तसुद्धा मीच लिहायचे,
शायीरगुलचं अक्षर मला लागत नाही म्हणून.
बांधाला भेग दिसली तर फोन मला,
कुणाची बढती अडली तर मला,
साखर संपली तरी मलाच.
अभिमानाने सांगायचे, सगळ्यांची मोट मी बांधलीये.
बांधली होती खरी.
दोर मात्र एकटीच्याच मुठीत.

मग डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं
आणि लिहून दिलं: सहा आठवडे मौन.

मीरिमला मी चिठ्ठी दिली:
आजची सभा तू चालव.
तिने ती दोनदा वाचली,
उलटी करून पाहिली,
मागे काही सवलत लिहिलीये का म्हणून.

पहिली सभा वाईट झाली.
हे नोंदवून ठेवते, कारण पुढे लोक
अशा गोष्टी गोड करून सांगतात.
तिसऱ्या विषयात सहाव्याची चर्चा घुसली,
उपोल आणि बुरुलची प्रवासभत्त्यावरून जुंपली,
कुणीतरी रडलं,
कुणीतरी त्याच वेळी बिस्किटं वाटली.
मी जीभ दाताखाली धरून
वहीच्या समासात रेघा ओढत होते:
इथे मी बोलले असते. इथे. इथेही.
घरी येऊन मोजल्या. एक्केचाळीस.

पुढच्या गुरुवारी तीसेक.
तिसऱ्या गुरुवारी मोजायचं राहून गेलं,
कारण गुलाइम बोलत होती.
गुलाइम! चार वर्षं जी हजेरीला नुसती मान हलवायची.
म्हणाली, बर्फ वितळायच्या दिवसांत
वरच्या मापनकेंद्रावर कुणी एकटीने जाऊ नये.
दोघी जाव्यात, एक जुनी, एक नवी,
आणि वही नवीच्या हातात असावी.
चार वर्षं आत घोळलेलं वाक्य
नदीतल्या गोट्यासारखं आलं बाहेर,
कडा झिजलेलं, हातात धरावंसं.
बुरुल म्हणाली, आणि गाडी?
उपोल म्हणाली, गाडीचं मी बघते.
भत्त्याचं भांडण तिथेच मिटलं,
कुणी न मिटवता.

चौथ्या गुरुवारी फोन वाजला. बिश्केकहून, मंत्रालयातून.
सवयीने हात माझाच गेला.
पलीकडे भरदार आवाज:
"अध्यक्षबाई आहेत का?"
मी तोंड उघडलं. तेराजणी माझ्याकडे बघत होत्या.
खरं सांगायचं तर
एक वाक्य घशाला झेपलं असतं.
मी रिसीव्हर सरकवला.
तो सहा हातांतून गेला,
काठोकाठ भरलेल्या वाटीसारखा,
वायर चहाच्या पेल्यांवरून उचलत, सांभाळत.
"बोलतेय," मीरिम म्हणाली.

आता आवाज परत आलाय, जरा जाडाभरडा.
टोकाची खुर्ची दर तीन महिन्यांनी फिरते.
मी खिडकीजवळ बसते, बुरुलच्या जुन्या जागी.
पहिल्याच दिवशी पाठीत गारठा शिरला.
चौकटीला बोटभर फट.
"नऊ वर्षं तू इथे बसलीस?"
"शाल आणायचे."
"मग बोलली का नाहीस?"
बुरुलने साखरेचा खडा दातांत धरला,
त्यावरून चहाचा एक घोट घेतला.
"विषयपत्रिकेवर नव्हतं," म्हणाली.

मी वहीत एक ओळ लिहिली,
आणि वही पुढे केली
जिच्याकडे या खेपेला लिहायचं काम होतं तिच्यापुढे.
तिने ओळ वाचली, खोडली,
आणि स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली:
विषय पहिला. खिडकी.